दिवाळीपर्यंत वर येतंय

२९ सप्टेंबर २०२४, रविवार

यशपाल म्हणतो, शेअर घेणाऱ्यानं तो का घेतला हे त्याच दिवशी लिहून ठेवावं, नाहीतर माणूस नंतर स्वतःशीच खोटं बोलतो. यशपाल आमच्याच फाउंड्रीत आहे. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण बोलणं आजोबासारखं. त्याचं ऐकून ही डायरी काढली. जानेवारीत एका सप्लायरनं दिलेली, नऊ महिने कोरीच पडून होती. इथं फक्त बाजाराचं लिहायचं. घरचं, कामाचं काही नाही.

तर आजची नोंद. गेल्या दहा वर्षांचा महिनावार तक्ता पुरा झाला. वर गेलेले महिने हिरवे, खाली आलेले लाल. सतरा वर्षं मी बेळगावच्या उद्यमबागेत कास्टिंग तपासतोय, आकडे मला फसवत नाहीत. माझ्या तक्त्याप्रमाणे ऑक्टोबरच्या आसपास बाजार दमतो, पाच-सहा टक्के खाली बसतो आणि दिवाळीच्या तोंडावर उठतो. दहातल्या सात वर्षांत असंच झालंय. आत्ता बाजार शिखरावर आहे. म्हणजे आत्ता घ्यायचं नाही, थांबायचं. पडला की घ्यायचं. पंप बनवणारी एक छोटी कंपनी हेरून ठेवलीय. आज भाव सहाशे चाळीस. पाचशे साठच्या खाली आला की घेणार.

मारुतीमामा आले होते, माझे सासरे, रूपालीचे वडील. बत्तीस वर्षं कंडक्टर होते, आता निपाणीजवळ कोगनोळीत घरीच असतात. महिन्यातनं एक-दोन रविवार बसनं येतात, येताना पिशवीभर शेंगा. तक्ता दाखवला तर खिडकीपाशी नेऊन बघायला लागले.

"हिरवं कुठलं आणि लाल कुठलं, सांगा की जावईबापू. लई फिक्कट छापलंय."

फिक्कट कुठलं? कालच ऑफिसच्या रंगीत प्रिंटरवर काढलंय. पण सगळं बोट ठेवून सांगितलं.

"म्हंजे बाजारालाबी हंगाम असतोय म्हणा की."

"तसंच मामा. ऑक्टोबरात पडलं की डोळं झाकून घ्यायचं. दिवाळीपर्यंत वर येतंय."

कंपनीचं नाव दोनदा विचारून घेतलं. त्यांना या वयात काय करायचंय म्हणा, पण कुणी इतकं मन लावून ऐकलं की बरं वाटतं.

३ ऑक्टोबर, गुरुवार

एका दिवसात बाजार दोन टक्क्यांच्या वर पडला. कॅन्टीनमध्ये सगळ्यांची तोंडं उतरलेली. मी एकटा हसत होतो. पुस्तकात छापल्यासारखं चाललंय.

७ ऑक्टोबर, सोमवार

आज घेतले. चारशे शेअर, पाचशे बावन्नला. कारण: हंगामी घसरण, कंपनी चांगली, दिवाळी पंचवीस दिवसांवर. भीती: काही नाही.

यशपालला तक्ता दाखवला. त्यानं वरपासून खालपर्यंत बघितला आणि म्हणाला, "युवराज, दहा नग तपासून तू दहा हजारांचा लॉट पास करतोस काय रं?"

"ह्ये कास्टिंग न्हवं."

"त्येच म्हणतोय मी. कास्टिंगला तर साचा एकच असतोय."

याला एवढं कळतं तर स्वतः का मुदत ठेवीत पैसे ठेवून बसलाय?

१३ ऑक्टोबर, रविवार

दसऱ्याचं सोनं द्यायला मामा आले. चहाचा कप टीपॉयवर ठेवायला गेले आणि टीपॉयच्या कडेपलीकडं ठेवला. कप फुटला, सोफ्याच्या कापडावर डाग. रूपाली म्हणाली, "आप्पा, डोळ्याचं किती पुढं ढकलणार? मोतीबिंदू पिकला म्हणून डॉक्टरनी ऑगस्टातच सांगितलंय. पैसं बी काढून ठेवलायसा."

"दिवाळी हू दे. मग बघू," म्हणाले.

जाताना दारात मला बाजूला घेऊन विचारलं, "त्ये पंपाचं आणि खाली आलं तर आणि घ्यायचं असतंय काय?" मी म्हटलं, घ्यायचं की, स्वस्त होतंय म्हणजे. अभ्यासाची हौस आहे म्हाताऱ्याला. घरचं लिहायचं नाही असं ठरलं होतं. असू दे.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

चारशे अठ्ठ्याण्णव. दिवाळीला सात दिवस राहिलेत आणि हे रोज खाली. परदेशी लोक विकायला लागलेत म्हणे. त्यांना दिवाळी नसते हे तक्त्यात धरायचं राहिलं. चिडचिड होतीय. रूपालीनं फराळाची यादी वाचून दाखवली, मी "बरं बरं" म्हणत होतो. शेवटी ती म्हणाली, "मी काय सांगितलं सांगा बघू." एक शब्द आठवेना.

१ नोव्हेंबर, शुक्रवार. लक्ष्मीपूजन

संध्याकाळच्या मुहूर्ताच्या तासाभरात भाव पाचशे अकरा झाला. मामांना लगेच फोन लावला. "उठतंय बघा मामा!" पलीकडं एवढा मोठा सुस्कारा ऐकू आला की मला हसू आलं. त्यांनाच जास्त आनंद.

४ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा पडला. तासाभराचा मुहूर्त वगळला तर दिवाळीत काहीच घडलं नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार

आज बाजाराचं आणि कामाचं वेगळं राहिलं नाही.

सकाळी सव्वादहाला मी व्हॉल्व्ह बॉडीचा लॉट तपासत होतो. मोबाईल गेजच्या शेजारी. भाव चारशे साठकडं चाललेला. लॉट पास केला. दुपारी मशीन शॉपमधनं सहा नग परत आले, अंगावर भोकं. डोळ्यांना दिसण्यासारखे. सतरा वर्षांत माझ्या हातनं असं गेलेलं नाही. मॅनेजर सगळ्यांसमोर त्यांच्या कानडी ढंगात म्हणाले, "एनप्पा युवराज, मोबाईलनं तपासतोस काय आता?" सगळे हसले. यशपाल तेवढा हसला नाही, ते जास्त लागलं.

घरी आलो आणि तक्ता फाडायला काढला. फाडला नाही. चूक तक्त्याची नाही, हे वर्षच वेडंवाकडं आहे.

८ डिसेंबर, रविवार

दोन आठवडे बाजार चढतोय. भाव पाचशे तेहतीस. यशपाल म्हणतो, निम्मे काढून मोकळा हो, झोप तरी लागेल. पण मी बावन्नला घेतलेत, तेहतीसला का काढू? एकोणीस रुपये तोटा सोसायला दोन महिने रक्त आटवलं काय?

मामांनीही तेच विचारलं. आज ते भिंतीला हात लावत जिना चढले. बसल्या बसल्याच, "आता काढायचं काय जावईबापू? जरा बरं झालंय न्हवं?"

मला राग आला. म्हणजे यशपालचा राग त्यांच्यावर निघाला. "काढायचं काय मामा? डिसेंबर माझ्या तक्त्यात हिरवा हाय. अशा येळंला जे भितात त्येच मरतात."

"बरं बरं," म्हणाले. "तुम्ही म्हणतासा म्हंजे."

 टीव्हीवर बातम्या चालू होत्या, पण ते टीव्हीकडं बघत नव्हते, नुसते ऐकत होते.

२० डिसेंबर, शुक्रवार

आठवडाभर पडतोय. डिसेंबर लाल. पाचशे तेहतीस हातात आला होता. हातात!

१४ जानेवारी २०२५, मंगळवार. संक्रांत

तिळगूळ घेऊन सासुरवाडीला. भाव चारशे पंचवीस, त्यामुळे तोंड गोड करायची इच्छा नव्हती, पण गेलो. राजाबाईमामी, माझ्या सासूबाई, म्हणाल्या, हे हल्ली सकाळी नऊ वाजले की फोन कानाला लावून बसतात, निपाणीच्या कुणाशी तरी बोलतात. विचारलं तर सांगत नाहीत.

रूपालीनं पुन्हा डोळ्याचा विषय काढला. मामा म्हणाले, "बजेट झाल्यावर बघू."

मी मोठ्यानं हसलो. "मामा, बजेटात डोळ्यावरचा टॅक्स कमी हुणार हाय काय?"

ते पण हसले, पण उशिरा. रूपाली हसली नाही. ती एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिली. परत येताना गाडीत विचारलं, काय झालं? म्हणाली, "काय न्हाय." बायकांचं 'काय न्हाय' म्हणजे बाजारासारखंच, कुठं जाणार कळत नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

बजेटचा दिवस म्हणून शनिवारी बाजार उघडा. सकाळपासून बसलो. वर, खाली, वर, खाली, शेवटी जिथं होता तिथंच. अख्खा दिवस एखाद्यानं मला घाण्याला जुंपल्यासारखा गेला. जांबोटीहून आईचा फोन आला होता, घेतला नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज जे झालं ते सगळं लिहितो.

मामा साडेदहाला यायचे ते बारा वाजले तरी आले नाहीत. फोन लागेना. साडेबाराला दुसऱ्याच नंबरवरून फोन. सदलगा बसस्टँडवरून. निपाणीला बस बदलताना ते बेळगावऐवजी सदलग्याच्या बसमध्ये चढले होते. बत्तीस वर्षं कंडक्टर, आणि बसचा बोर्ड वाचता आला नाही.

मी गाडी काढली. चिकोडीवरून जाताना सगळी वाट चिडलेलो. रविवार वाया. सदलग्याला पोचलो तर ते स्टँडच्या बाकड्यावर पिशवी मांडीवर धरून बसलेले. मी दहा फुटांवर येईपर्यंत त्यांनी मला ओळखलं नाही.

गाडीत बसल्यावर म्हणाले, "कंडक्टर आमच्याच डेपोतला पोरगा निघाला. पाया पडला आणि पुढं गेला, तिकीट इचारलं न्हाय. न्हायतर तिथंच कळलं असतं. सदलगा आलं म्हणून वरडला तवा कळलं."

"मग त्याला सांगायचं, परत बसवून दिलं असतं की."

"लाज वाटली. मी म्हटलं, व्हय, हितंच यायचं हुतं."

चिकोडीच्या अलीकडं त्यांच्या मोबाईलवर मेसेज वाजला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ नेला. मग सवयीनं माझ्यापुढं केला. "काय म्हणतंय वाचा की जरा." आणि लगेच हात मागं घ्यायला लागले, पण तोवर मी गाडी बाजूला घेऊन फोन हातात घेतला होता.

निपाणीच्या शेअर ऑफिसचा मेसेज होता. पंपाची कंपनी. शेअर दीडशे. घेतल्याचा सरासरी भाव पाचशे एकोणीस. आजची किंमत, तोटा, सगळं खाली लिहिलेलं.

मी तो दोनदा वाचला. मनातल्या मनात.

"कधी घेतलासा?"

"तुमच्या पाठोपाठच. पयलं ऑक्टोबरात. मग खाली आल्यावर आणि थोडं. तुम्ही सांगितल्यागत."

"पैसं कुठलं?"

ते समोर काचेतनं बघत होते. ट्रॅक्टर चालले होते उसाचे, एकामागून एक. "डोळ्याचंच. दिवाळीपतुर दीडपट झालं असतं तर दोन्ही डोळ्याला चांगलं भिंग घालायचं आणि उरलेल्यात हिच्या गुडघ्याचं बघायचं, असा इच्यार हुता. आता बी एका डोळ्यापुरतं हाय म्हणा." आणि घाईनं म्हणाले, "तुमची काय चूक न्हाय. रूपालीला सांगू नका."

मला काय वाटलं? खरं लिहायचं तर आधी राग आला. मला न विचारता कशाला घेतले? मग लक्षात आलं की त्यांनी विचारलं होतं. ऑक्टोबरात दारात विचारलं. डिसेंबरात तर काढू का म्हणून सरळ विचारलं, आणि मी भित्रा म्हटलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

रूपालीला सांगितलं. तिला संक्रांतीपासूनच संशय होता म्हणे. "बजेट झाल्यावर म्हणाले तवाच मी वळखलं. तुम्ही हसत हुतासा."

२३ फेब्रुवारी, रविवार

मामांना घेऊन डॉक्टरकडं गेलो. एक डोळा जवळजवळ गेल्यातच जमा. फार थांबलात, आता लगेच करा, म्हणाले. सात मार्च तारीख दिली, पैसे आधी भरायचे. रूपालीला कळलंय हे मामांना आता ठाऊक होतं; म्हणाले, माझे शेअर विकतो. रूपाली म्हणाली, "ते असू दे. मी भरते. पगाराची थकबाकी आलीय." तिच्या शाळेत पगारच वेळेवर होत नाही, थकबाकी कुठली! पण मामांनी मुलीचे पैसे म्हणून कसेबसे कबूल केले. जावयाचे घेतले नसते.

घरी आल्यावर ती पुढ्यात येऊन उभी राहिली. "तुमचं विका."

मी समजावलं. तक्ता काढला. पाच महिने सलग बाजार पडतोय, असं क्वचितच होतं, आता इथनं वर उसळणारच, आत्ता विकणं म्हणजे विहिरीच्या तळाला पोचून हातातला दोर सोडणं. चार आठवडे थांबू, हवं तर पतसंस्थेतनं उचलू.

तिनं तक्त्यावर बोट ठेवलं. "ह्या तक्त्यात माझ्या बापाचा डोळा कुठल्या महिन्यात लिवलायसा?"

तक्ता घडी घालून ठेवला. मनात मात्र म्हणालो, बाजार तिला कळत नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

विकले. दोनशे वीस शेअर, तीनशे बहात्तरला.

पाच दिवस टाळलं. रोज वाटे, उद्या दोन रुपये वर मिळतील. रोज खाली. आज बाजार पुन्हा दोन टक्के कोसळला आणि रूपालीनं डबा देताना नुसतं विचारलं, "झालं काय?" जेवणाच्या सुट्टीत बटण दाबलं.

कारण: लिहायचा नियम आहे म्हणून लिहितो. मारुतीमामांचा डोळा. बाजाराच्या हिशेबात आज विकायचा दिवस नव्हता.

यशपालला सांगितलं. वाटलं, म्हणेल, मी सांगितलंच होतं. तो म्हणाला, "चल, च्या घिऊ."

८ मार्च, शनिवार

काल ऑपरेशन झालं. आज पट्टी काढली. डॉक्टरांनी समोरचा तक्ता वाचायला सांगितला. कानडी अक्षरं मामा घडाघडा वाचत गेले, शेवटच्या बारीक ओळीपर्यंत. मग मान वळवून रूपालीकडं बघितलं आणि म्हणाले, "अगं, किती वाळलीस."

ती बाहेर गेली. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत उभा राहिलो.

२१ मार्च, शुक्रवार

लिहावं की नाही कळत नाही, पण खोटं लिहायचं नाही असं ठरलंय.

बाजार उसळला. पाच दिवस सलग. पेपरवाले म्हणतात, कैक वर्षांत असा आठवडा नाही. भाव चारशे एकतीस. मी तीनशे बहात्तरला विकले, जवळजवळ तळाला. दोनशे वीस गुणिले एकोणसाठ, हे मनात आपोआप होतं, थांबवता येत नाही. मी रूपालीला म्हणालो होतो, वर उसळणारच. म्हणालो होतो! एकदा, एकदाच बरोबर आलो आणि त्याचा उपयोग काय? हे कुणाला सांगायचं? जिच्यासमोर बोलावं तिच्या बापाला दिसायला लागलंय. आनंद आहेच. पण त्या आनंदाखाली ही चीड तशीच बसलीय, हेही खरं.

ऑफिसात यशपालला एवढंच म्हणालो, वर गेला बघ. तो म्हणाला, "व्हय. आणि ऑक्टोबरात बी तुला वरच जाणार वाटत हुतं."  पाच महिने रोज 'आता उठणार' म्हणणारा माणूस एखाद्या दिवशी बरोबर येणारच.

२३ मार्च, रविवार

कोगनोळीला गेलो. मामा दारात खुर्ची टाकून हायवेकडं बघत बसलेले. सर्व्हिस रोडवरच्या ट्रकांचे नंबर लांबूनच मोठ्यानं वाचत होते. के.ए. तेवीस, एम.एच. नऊ. मला बघून हसले. लांबूनच. नव्या डोळ्यानं त्यांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं असं वाटलं.

रूपाली आत मामींच्या मदतीला गेली. मामा खुर्ची ओढून जवळ आले. त्यांचे दीडशे शेअर अजून तसेच आहेत. फोन काढला, स्वतःच भाव वाचला, चारशे एकतीस, आणि विचारलं, "आता काय करू जावईबापू? ठेवू का इकू? दुसऱ्या डोळ्याचं जूनला करायचं म्हणत्यात."

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. एप्रिल माझ्या तक्त्यात हिरवा आहे. घसरण संपल्याची सगळी लक्षणं आहेत. पाचशे होईल. पाचशे तरी होईलच. मी श्वास घेतला, ते सगळं जिभेवर आलं, आणि त्यांचा तो डोळा समोर होता, अजून कोपऱ्यात लाल असलेला.

"मला म्हाईत न्हाय मामा," मी म्हणालो. "खरंच म्हाईत न्हाय. वर जाईल, खाली जाईल, मला कळत न्हाय."

मला वाटलं, असू दे म्हणतील. सहा महिन्यांत ते मला एकदाही लागेल असं बोलले नव्हते.

त्यांनी फोन बंद करून खिशात ठेवला. हायवेवरनं एक ट्रक गेला, त्याचा नंबर त्यांनी वाचला नाही.

"मग ह्ये सप्टेंबरातच सांगायचं हुतं की," ते म्हणाले.